बजावणी

लिफर्डच्या पुलावर चौकी नाही.
हंस अलीकडचे पलीकडे जातात,
मॅकगिनचा कुत्रा तर दिवसातून चारदा.
शुक्रवारी सोर्खा जाते बापाकडे,
पाठीवर दप्तर, हातात बुटांची पिशवी,
मधोमध थांबून नदीत थुंकते
आणि थुंकी कुठल्या देशात पडली ते बघते.

फक्त माझा कागद जात नाही.
पूर्वी जायचा, टपालासारखा.
मग लंडननं युरोपशी काडीमोड घेतला,
त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही.
आता स्ट्रबॅनहून बेलफास्ट, बेलफास्टहून डब्लिन,
तिथून फिरून वर, नदीच्या त्या काठाला.
अकरा आठवडे झाले. एकदा परत आला:
शिक्का पुसट.

त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा
मला माझ्या ओट्यावरून दिसतो.
आज उशिरा जेवला, कळतं.

रविवारी तो तिला पोचवायला अर्ध्या पुलापर्यंत आला.
"कसला कागद? मला नाही मिळाला."
खोटं बोलत नव्हता.
पोटगीचा आकडा माझ्या जिभेवर होता,
पण तोंडी सांगितलेलं बजावलं धरत नाहीत,
वकीलबाईंनी बजावलं होतं.
म्हणून विचारलं, खोकला कसा आहे.

सोर्खा तोवर घराकडे पळाली होती,
एक बूट पलीकडेच विसरून.