फुगा

खालचा वारा पश्चिमेचा रस्ता धरून,
माडाची झापंही तिकडेच वळलेली.
माझा फुगा मात्र ढगांच्या वर गेला
आणि उलटा फिरला,
पूर्वेला, मांगारेवाकडे,
घरी.

मी आकडे लिहिले. सुवाच्य.
कप्तानाने सही केली, पेनाला टोपण लावलं.
पहाटे मोरुरोआवर बॉम्ब फुटला.

तिकडे दुसऱ्या दिवशी पाऊस, सव्वा तास.
पत्र्यावरून पागोळ्या थेट टाकीत.
तेहिनाने त्यात अळकुड्या धुतल्या,
मग बाळाचं डोकं,
आणि पत्रात लिहिलं :
यंदा टाकी काठोकाठ, काळजी नसावी.

पत्राला बारा दिवस लागले.
वाऱ्याला एक रात्र.

अजून कुणी विचारलं, वारा कुठला,
तर मी बोट ओलं करत नाही.