विनंती थांबा

एप्रिलचं पान फाडलं, उलटं केलं,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी उल्म गाव काढलं,
डबीच्या झाकणाएवढं गोल.
बाहेर त्रेचाळीस. लाइट गेलेली.
घामानं पेन निसटतंय आणि हे बर्फाचा रस्ता आखतायत.

शिवलीलानं सुट्टी कळवलीय: जूनमधले नऊ दिवस.
"रस्ता तुम्ही ठरवा, बाबा,
अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलीय की."
चालवली, पण ती सोलापूर–विजापूर.
ह्यांचा परदेश म्हणजे टाकळीचा पूल.
भीमेच्या अलीकडे पाटी मराठी, पलीकडे कानडी,
मधल्या पाण्याला दोन्ही वाचता येत नाही.

आता पोरगी सांगते, तिकडे सरहद्दीला गेटच नाही.
एक निळी पाटी, ताऱ्यांचं कडं, संपलं.
"थांबायचंच नाही? कागद बघतच नाहीत?"
दोनदा विचारलं, मग जरासे नाराज झाले.
आयुष्यभर कागद नीट ठेवलेल्या माणसाचं असंच होतं.

ऑस्ट्रियात काचेला स्टिकर लागतो.
ते लाल शाईनं, खाली दोन रेघा.
मग इटलीतला घाट: नागमोडी रेष पानाच्या कडेपर्यंत गेली,
आणि वळणं आकड्यात, अठ्ठेचाळीस.
"सेकंड गिअर," पुटपुटले.
डावा पाय चटईवर क्लच शोधत होता.

पण गाडी पोरगी चालवणार.
"तुम्ही कंडक्टर व्हा, बाबा."
त्यावर पाच मिनिटं घरात कोणी बोललं नाही.
मग म्हणाले, "ठीक. पण डबल बेल दिल्याशिवाय
गाडी हलवायची नाही, सांग तिला."

मी आपली बाजूला शेंगा निवडत बसलेली.
चटणी दोन किलो, कडक भाकरी चाळीस,
चादर एक की दोन, यावर वाद.
"तिकडं रजया असतात गं."
"असू देत. रजईचं गाठोडं बांधता येत नाही."

तेवढ्यात पोरीचा फोटो आला मोबाइलवर.
घाटाच्या अलीकडे एक तळं,
तळ्यात चर्चचा मनोरा. नुसता मनोरा.
आजूबाजूला काहीच नाही, पाणी.
"इथे गाव होतं, धरणात गेलं. फोटो मस्त येतात,"
तिनं लिहिलं होतं.
ह्यांनी पानावर उतरवलं: तळे, दहा मिनिटे.

माझ्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं.

आमचं गाव उजनीत गेलं तेव्हा मी आठ वर्षांची.
ट्रकमध्ये सगळं चढलं, कोंबड्यासुद्धा.
उंबरा चढला नाही.
कोरड्या वर्षी, मे महिन्यात, पाणी हटलं
की देवळाच्या पायऱ्या वर येतात,
विहिरीचं तोंड, आमच्या परसातली दगडी डोणी.
लोक मोटारसायकलवर येतात बघायला, भेळ खातात.
मीही गेले होते एकदा.
चिखलात उभी राहिले, चपला हातात घेऊन.
दगडानं ओळख दिली नाही, मीही मागितली नाही.
हे पोरीला कधी सांगितलंच नव्हतं.
कशाला सांगायचं, ती अभ्यास करत होती.

"दहा मिनिटं नाही," मी म्हटलं.
"मग किती?"
"नाही सांगता येत."
अठ्ठावीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस
पेनाचं टोपण चावत बसला.
मग दहा मिनिटे खोडलं,
आणि वर, एसटीच्या पाटीवर असतं तशा ठसठशीत अक्षरात
लिहिलं: विनंती थांबा.

मी काही बोलले नाही. सूप परत घेतलं.

रात्री दीडला नळ आला,
पाचव्या दिवशीचा, उजनीचा.
मी अंधारातच हंडा लावला.
आतून हे विचारतायत, जागेच आहेत अजून:
उल्मपासून डिझेल किती लागेल, परतीचा रस्ता तोच का दुसरा.
हंड्यातला आवाज चढत चढत बारीक होत गेला.
"थांबा हो," मी म्हटलं,
"भरू तर दे आधी."