अर्थिंग

सोनेगावच्या हँगरात मे महिन्याच्या दुपारी
पान्हा ओल्या फडक्यात धरावा लागतो.
चार सीटचं जुनं विमान. पॅनेल उघडं,
आणि हेडफोनमध्ये एक शिट्टी:
इंजिन वाढवलं की चढते,
कमी केलं की गिरणीसारखी उतरत जाते.

पहिल्या दिवशी मी रेडिओ बदलला.
दुसऱ्या दिवशी फिल्टर लावला.
तिसऱ्या दिवशी हेडाऊकाका पुतणीचं लग्न आटोपून आले,
नखांत अजून हळद.
"रेडिओले कायले दोष देते? अर्थिंग पाह्यली का?"

अर्थिंग म्हटलं की मला मानेवाड्याच्या घरामागचा खड्डा आठवतो.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी,
आणि उन्हाळाभर आई त्यात ओतायची ते
तांदूळ धुतलेलं पाणी.
इथे कुठे खणणार?

"वर गेलं का याले जमीन नाई," काका म्हणाले,
"याचं आंगच याची जमीन."

मी टॉर्च धरला. इंजिनामागच्या भिंतीवर
गेल्या वर्षीचा पांढरा रंग, सुरेख,
आणि रंगावरच आवळून बसवलेला लग.
रंग उडू नये म्हणून खाली वॉशरसुद्धा.

टॉर्च जरा हलला.
काकांनी काही विचारलं नाही.
ब्लेडने रुपयाएवढा रंग खरवडला,
खालचं अ‍ॅल्युमिनियम निघालं
लहान पोराच्या नव्या दातासारखं.
"अन् ही दुसरी वायर तिकडं काऊन?
दोन घरी जेवणारा पाहुणा
दोन्हीकडं कुरकुर करते."

सगळ्या काळ्या वायरी एकाच बोल्टवर आल्या.
डब्यात प्लास्टिकचे टाय होते ढीगभर,
त्यांनी मेणाचा दोरा काढला.
दर दोन बोटांवर एक गाठ, न बघता.

गोळीबार चौकात त्यांच्या वडिलांचा माग होता,
लुगड्याच्या ताण्यात तुटलेला धागा ते असाच जोडत.
हे मला स्टोअरच्या नंदनवारबाईंनी सांगितलं.
माग कितीला विकला, तेही.

सहा वाजता इंजिन लावलं.
शिट्टी नाही.
टॉवरवरून कुणी वाऱ्याची दिशा सांगत होतं
इतक्या जवळून, की मध्येच त्याने
पाण्याचा घोट घेतलेला ऐकू आला.

लॉगबुकात काकांनी लिहिलं:
अर्थ पॉइंट साफ केला. रंग काढला.
आधी कुणी बसवला होता, असा रकाना नसतो.
मी समासात, बारीक अक्षरात,
माझं नाव घातलं.