झडप

दर अठ्ठाविसाव्या दिवशी
मी ओटाराच्या त्या रस्त्याला वळते.
मागच्या सीटवर निळी पेटी, पेटीत बर्फ,
बर्फावर पेनिसिलिन, खरवसासारखं दाट.
टोचण्याआधी मुठीत धरून ऊब द्यावी लागते त्याला,
नाहीतर पोराला दोन दिवस बसवत नाही.

लिसिआतेच्या घराचं दार लागत नाही.
ओलीनं फुगलंय.
ओढलं की चौकटीपर्यंत येतं आणि परत उघडतं,
रात्रभर फटीतून वारा ये-जा करतो.
आतून चपलांचा ढीग लावून ठेवतात.
मालकाला तीनदा कळवलंय.

त्याच्या छातीतही तसंच आहे.
डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं होतं :
डाव्या बाजूची झडप, कडा जाड झालेल्या,
मिटते, पण पुरती मिटत नाही,
पुढे गेलेलं थोडं रक्त मागे फिरतं.
नळी लावली की ऐकू येतं,
फुस्स,
दाराआडून कुणी काही सांगू बघावं तसं.

मागच्या हिवाळ्यात घसा धरला होता.
हिवाळ्यात कुणाचा धरत नाही?
अकरा माणसं, खोल्या दोन, हीटर एक,
तोही मीटरमध्ये पैसे असेतो चालणारा.
मग सगळे हीटरच्याच खोलीत,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या,
एकाचा खोकला दुसऱ्याच्या उशीवर.
बाप विमानतळावर रात्रीच्या पाळीत सामान चढवत होता,
आई, ओफा, शहरातली ऑफिसं पुसत होती,
आणि ती घरी यायची तेव्हा दवाखाना उघडलेला नसायचा,
उघडायचा तेव्हा ती झोपलेली असायची.
पुढे गुडघे सुजले.
घरच्यांना वाटलं, रग्बी.

टेकडीपलीकडे माझी बहीण एका घरात मुलं सांभाळते.
त्याच आठवड्यात तिथल्या मुलाचाही घसा धरला होता.
दुपारी तपासणी, संध्याकाळी औषध,
दहा दिवस, स्ट्रॉबेरीच्या चवीचं.
त्याला आता आठवतही नाही.

फॉर्मवर विचारलंय :
कुटुंबात कुणाला हृदयविकार? हो. नाही.
बुरशी भिंतीवर कुठवर चढलीय
हे लिहायला रकाना नाही.
मी समासात लिहिते :
खिडकीच्या वर, आणि खाली बाळाच्या गादीपर्यंत.
ऑफिसात कुणीतरी समास वगळून स्कॅन करतं.
पुढच्या वेळी मी पुन्हा लिहिते.

आज त्यानं विचारलं, किती वर्षं?
एकविसावं लागेपर्यंत, मी म्हटलं.
मलाही टोचायचे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.
माझ्या आईच्या घराचंही दार
पण ते मी त्याला सांगितलं नाही.

खिडकीच्या वाफाळल्या काचेवर
तो बोटानं गुणाकार करत बसला.
बारा गुणिले तेरा.
हातचा चुकला, पुसून पुन्हा केला.
एकशे छप्पन्न, म्हणाला.
आजचं धरून, की सोडून?
आकड्यांच्या शेपट्यांवरून पाणी ओघळत
चौकटीतल्या काळ्या डागांत उतरत होतं.

धरून, मी म्हटलं. वळ कुशीवर.
मेलेआने, त्याची धाकटी बहीण,
त्याचा हात धरून उभी राहिली, डोळे घट्ट मिटून,
जणू सुई तिलाच.
मी विचारलं, तुझा घसा कसा आहे गं?
तिनं मान हलवली,
पण गिळताना चेहरा वाकडा झाला.
मी बॅगेतून कापसाची काडी काढली.

निघताना ओफानं रिकाम्या पेटीत
अळूच्या पानांत शिजवलेलं लू ठेवलं,
फॉइलमध्ये गुंडाळून, गरम.
नको म्हणायची इथे पद्धत नाही.

लिसिआते लंगडत दारापर्यंत आला.
खांदा लावून दार वर उचललं, ढकललं,
चौकटीला टेकलं, परत आलं.
पुन्हा ढकललं.
मी गाडीत बसले, किल्ली फिरवली नाही.
अजून एकदा.
अजून एकदा.