बेण्याची यादी

काउंटरवरची मुलगी म्हणाली, हस्ताक्षर चालणार नाही.
चिलोएच्या बियाणे मेळ्यात मांडायचं असेल
तर यादी टाईप करून आणा, एदुविना आजी.
एकतीस जातींचे बटाटे आहेत माझ्या वाफ्यांत,
हिला त्यातल्या तिघांचीही नावं येत नसतील.

म्हणून मंगळवारी, शाळेमागच्या लायब्ररीत,
लाकडाच्या शेगडीपासून तिसरी खुर्ची.
येर्को शिकवतो. त्याची आई माझ्याकडून लोकर न्यायची.
वय एकोणीस, धीर माझ्या वयाचा.

पहिला मंगळवार सगळा माउसमध्ये गेला.
बाण एकीकडे, मी एकीकडे,
टेबल संपलं तरी हात चालतच राहिला.
"उचला आणि मागे ठेवा."
उचलायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.
डबल क्लिक मात्र लगेच जमलं:
कोंबडी दाणा टिपते तसं, टक् टक्,
मध्ये विचार करायचा नाही.

दुसऱ्या मंगळवारी सात नावं लिहिली.
तिसऱ्या मंगळवारी ती नव्हती.
"सेव्ह केलं नव्हतंत."
सेव्ह म्हणजे?
येर्को छताकडे बघत शब्द शोधत राहिला.
"म्हणजे... पुढच्या वेळी लागेल म्हणून बाजूला ठेवणं."
अरे, मग बेणं काढून ठेवणं म्हण की!
साठ वर्षं दुसरं काय करतेय मी?
ज्या साली करप्याने अख्खं शेत काळं केलं
त्या सालीसुद्धा ती टोपली चुलीपर्यंत येऊ दिली नाही.

ही मशीनं लांबून दान आलेली.
बाकी सगळी अक्षरं आहेत,
फक्त आमचा डोक्यावर लाट असलेला न नाही.
लाटेशिवाय मिचुन्ये लिहायचा कसा?
येर्कोने वहीत लिहून दिलं:
ऑल्ट दाबून धरा, मग एक, सहा, चार.
सोडलं की लाट येते.
बसमध्ये पुटपुटत आले, एक सहा चार, एक सहा चार.
शेजारच्या ओरोसिम्बोला वाटलं लॉटरीचा नंबर आहे.
त्याने तो लावलाही.

चुकलं की मागे जाता येतं, तेही शिकले.
स्वेटर उसवला तर लोकरीला वळ्या राहतात,
कुठे चुकलं होतं ते बोटांना कळतं.
इथे काहीच राहत नाही.
मला ते फारसं आवडलं नाही, पण वापरते.

मग लाल रेघा.
मिचुन्ये लिहिलं, खाली लाल नागमोडी रेघ.
ग्वादाचो, रेघ. विकान्या, रेघ.
शाळेत बाई अशाच ओढायच्या,
आमच्या घरातले शब्द मी निबंधात लिहिले की.
हात मांडीवर घेऊन बसले.
"तुमचं चुकलेलं नाही," येर्को म्हणाला,
"त्याला माहीत नाहीये. उजवं बटण दाबा.
आता तिथे, शब्दकोशात जोडा."
दाबलं. रेघ गेली.
एवढंच?
एवढंच.
मग एकेकाला हाताला धरून आत नेलं.
चार वाजले, शेगडी विझली,
येर्कोने जॅकेट घातलं, उठ म्हणाला नाही.

एकतिसाव्याला अडले.
तांबडा, ठेंगणा, उशिरा येणारा.
बोटीतून उतरताना त्रान्सितोने खिशातून काढून दिलेला,
नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
आता तो विचारण्याच्या पलीकडे गेलाय.
घरात आम्ही त्या बटाट्याला नुसतं 'तो' म्हणतो.
यादीत 'तो' कसं लिहायचं?
'त्रान्सितोचा' असं लिहिलं.
रेघ आली.
येर्को उजव्या बटणाकडे बोट दाखवणार
तेवढ्यात म्हटलं, राहू दे.
आधी त्याच्या बहिणीला विचारते.

प्रिंटरने कागद दिला, कोमट.
चष्मा चढवून शेवटची ओळ पाहिली. रेघ नाही.
"ती कागदावर उमटत नाही," येर्को म्हणाला,
"फक्त लिहिणाऱ्याला दिसते."

कागद स्वेटरच्या आत घेतला.
काउंटर एकलाच बंद होतं, म्हणजे आता उद्याची बस.
त्या मुलीला एक सहा चार येतं का,
विचारायचंय.