जागा

खेळ अकरा जणांचा.
कोट्यातल्या जागा पाच.
एकोणीस वर्षं मी हे गणित सोडवतोय
जिमखान्याच्या लोखंडी कपाटाला पाठ टेकून.
त्यातही फी माफ फक्त दोघांना.
बाकीच्यांना प्रवेश, जर्सी,
आणि मॅचच्या दिवशी दोन केळी, एक उकडलेलं अंडं.

यंदा ट्रायलला एकशे चौदा आले.
प्लास्टिकच्या फोल्डरात जिल्हा, विभाग, राज्य,
कठड्यावर आया, मांडीवर पर्स,
एकीने तर मला पाण्याची बाटली देऊ केली,
थंड, न फोडलेली.
मी घेतली नाही. तहान लागली होती.

फोल्डर मी आधी उघडत नाही.
आधी बघतो, बॉल दुसऱ्याकडे असताना
पोरगा काय करतो.
कमरेवर हात ठेवून उभा राहतो,
की जागा शोधत सरकतो?
जागा! जागा बघ! जागेत जा!
दिवसभर मैदानात हाच शब्द ओरडतो मी
आणि ऑफिसात शिरलो
की तोच घशात अडकतो.

मरोळ गावठाणातला डेंझिल. डावा पाय. घेतला.
ऐझॉलहून आलेला रिंसांगा,
कलिन्यात चौघांत एक खोली.
त्याला मराठी येत नाही, मला मिझो,
'मागे माणूस आहे' एवढं दोघांना कळतं. घेतला.
वरळीचा निनाद वैती,
तो धडकला की समोरचाच सॉरी म्हणतो.
चौथ्या जागेचं विचारू नका.
वरून फोन आला होता.
पोरगा वाईट नाही.
वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पाचवीला दोघे.
शाहनूर आणि तुकेश, मानखुर्दची एकच गल्ली,
दोघांत बुटांचा एकच जोड.
पहिला हाफ तुकेशच्या पायात, दुसरा शाहनूरच्या.
तुकेशचा पाय एका नंबरने लहान,
तो पुढे वर्तमानपत्र कोंबतो.

मी ढोपेश्वरकर मॅडमकडे गेलो.
म्हटलं, एकाला कोट्यातून घ्या,
दुसऱ्याला मार्कांवर मिळतोय प्रवेश,
उरलेली फी-माफी फक्त अर्धी अर्धी करा.
मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"सर, इथे हो आहे आणि नाही आहे.
अर्ध्याला खणच नाही."

आमच्या घरी एका अंड्यात दोघे भाऊ जेवायचो.
आई दोऱ्याने चिरायची, मधोमध,
तरी भांडण व्हायचंच,
पिवळं कुणाकडे जास्त गेलं यावरून.
हे मॅडमना सांगितलं नाही.

नाव शाहनूरचं लिहिलं.
का? दुसऱ्या हाफला खेळला म्हणून असेल.
शेवटचं पाहिलेलंच डोळ्यांत राहतं.
तुकेशने यादी वाचली,
खिशातून वर्तमानपत्राचा तो बोळा काढला,
सरळ केला, चार घड्या घातल्या,
परत खिशात ठेवला.

नोव्हेंबरात इंटरकॉलेज.
चेंबूरच्या टीमचा सात नंबर ओळखीचा वाटला.
पायात नवे बूट. स्वतःच्या मापाचे.
सहासष्टाव्या मिनिटाला
बॉल दुसऱ्याकडे असताना तो सरकला,
आणि मी लाइनवरून ओरडलो, "जागा!"
कुणासाठी, ते अजून नक्की नाही.
आमचा शाहनूर तेवढ्यात
कमरेवर हात ठेवून बघत राहिला होता.
गोल. एक-शून्य. तेवढाच.

नंतर केळी वाटली, अंडी वाटली.
शाहनूरला झापायचं होतं,
पण तो आपलं अंडं घेऊन
मैदान ओलांडून पलीकडच्या बाकापाशी गेला होता.
दोरा नव्हता त्यांच्याकडे. नखानेच काहीतरी केलं.
पिवळं कुणाकडे जास्त गेलं,
इतक्या लांबून दिसलं नाही.