दौलू नानाला विचारलं

वडणग्याच्या गुऱ्हाळावर रात्री दोन वाजता
दौलू नाना चुलवाणात चिपाडं सारत बसलेला
आणि मी काहिलीच्या उबेला, मांडीवर लॅपटॉप,
पडद्यावर तीन वादळं.

तिन्ही सूर्याकडून आलेली, तिन्ही एकाच जोराची.
आमच्या विद्यापीठातली चुंबकसुई
तिन्ही वेळा सारखीच दचकली होती.
पण वर, हजारो किलोमीटरवर,
पृथ्वीच्या भोवतीच्या त्या न दिसणाऱ्या कड्यात
पहिल्या वादळानंतर इलेक्ट्रॉन शंभरपट झाले,
दुसऱ्यानंतर निम्मेही उरले नाहीत
आणि तिसऱ्यानंतर होते तेवढेच,
जणू दारात कुणी आलंच नव्हतं.

इंगवले मॅडम म्हणतात, कारण लिही.
आठ महिने झाले.

"ते इलेक्ट्रान करत्यात तरी काय दिसभर?"
झोके घेतात, नाना. उत्तरेकडून दक्षिणेकडे, परत उत्तरेला,
आणि झोके घेत घेतच पूर्वेला सरकतात.
तुमची ही बिडी संपेस्तोवर
पृथ्वीला एक वळसा.

"आन् वादळ आलं की?"
आधी गळती लागते. कडं सैल पडतं,
काठावरचे बाहेर निसटतात, कायमचे.
काही खाली हवेत उतरून विझतात.
मग पहाटेच्या अंगाला लहरी उठतात.
स्पीकरवर लावल्या तर वाटतं
रंकाळ्याच्या काठची पाखरं जागी झाली.
त्या उरलेल्यांना तापवतात,
कधी इतकं की एखाद्या उपग्रहाचं डोकंच फिरतं,
आणि कधी गळतीच जिंकते.
मला दिसते ती फक्त शिल्लक.
किती गेले, किती तापले,
वहीचं ते पान कुणीतरी फाडलंय.

नाना काही बोलला नाही.
भेंडीचं पाणी ओतलं, वर आलेली मळी
झाऱ्यानं काढून टाकली,
थेंबभर पाक गार पाण्यात सोडून
दोन बोटांत गोळी वळून पाहिली.
अजून नाही.

"कालबी हीच काहील, ह्योच जाळ," मग म्हणाला,
"ऊस एका बांधाचा. तरी काल गूळ धरला न्हाई,
काकवीवरच आडला.
जाळाला इचारून काय घावत न्हाई, पोरी.
रस आदी कसा हुता, ते इचार."

सकाळी ते विचारलं.
वादळाआधीचे आकडे काढले, आधी कड्यात
मधल्या ताकदीचे किती होते, ज्यांना पुढे तापवता येईल.
दुसऱ्या वादळाला जुळलं.
पहिल्याला थोडं.
तिसरं तसंच बसून आहे, गुडघ्यात मान घालून.

फोनवर नानाला सांगितलं.
"आदण चुकलं आसंल," म्हणाला, आणि
कुणाला तरी ओरडला, वाफ्यात पाणी मारलंस का.

परवा सूर्यावर पुन्हा डाग उठलाय.
मी सुईपाशी बसून आहे.
त्या रात्री बोटाला लागलेल्या पाकानं
एंटरचं बटण अजून चिकटतंय.